बाबांच्या फाइलवर 'फ्रेल' लिहिलंय. मणक्याचं ऑपरेशन करावं का?

धाकटी_लेक

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही.

बाबा ७८ वर्षांचे. कमरेत नस दबली आहे. एमआरआयमध्ये एल ४-एल ५ (कमरेचा चौथा-पाचवा मणका) पाशी नसांची जागा खूपच अरुंद झालेली दिसते, शिवाय वरचा मणका थोडासा पुढे सरकलाय. चालायला लागले की पाच-सात मिनिटांत पोटऱ्या भरून येतात, मांड्या जड होतात. बसले किंवा पुढे वाकले की उतरतं. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, मणक्यातलं इंजेक्शनही झालं. त्याने काही आठवडे बरं वाटलं, मग पहिले पाढे पंचावन्न.

सर्जनने नस मोकळी करून स्क्रू-रॉड टाकून मणके जोडायचं सुचवलं. आमची तयारी झाली होती. मग भूलतज्ज्ञांनी तपासलं आणि फाइलवर लिहिलं, "क्लिनिकल फ्रेल्टी स्केल ५, जोखीम वाढलेली." फ्रेल म्हणजे शरीराने नाजूक झालेला, एवढंच आम्हाला कळलं. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, या वयात कशाला. आई म्हणते, यांचं असं दिवसभर खुर्चीत बसणं मला बघवत नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आरशासमोर उभं राहून दाढी करता आली आणि संडासला कुणाला हाक न मारता जाता आलं की मला पुरे."

बाकी तपशील: वर्षभरात वजन ६३ वरून ५८ किलोवर आलंय. मधुमेह आणि बीपी दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. हृदय ठीक. खुर्चीतून उठताना हातांनी रेटा द्यावा लागतो. दुपारनंतर गळून जातात. गोळ्या मी काढून देते, बँकेचं भाऊ बघतो, अंघोळ-कपडे मात्र स्वतःचे स्वतः. कानाचं यंत्र आहे, ते ड्रॉवरमध्ये असतं.

प्रश्न दोन. फ्रेल माणसाला या ऑपरेशनचा उपयोग होतो का, की नुसता ताप वाढतो? आणि झालाच उपयोग तर नंतरचं आयुष्य नक्की कसं असतं? "रिकव्हरी स्लो असेल" एवढंच सगळे सांगतात. स्लो म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही.

सरळसोट

मणक्याला सुरी लावू देऊ नका. आमच्या मेव्हण्यांचं केलं, आज अंथरुणावर आहेत. ७८ व्या वर्षी ही हौस कशाला? पट्टा बांधा, मालिश करा, आराम करू द्या.

निवृत्त_फिजिओ

@सरळसोट, तुमच्या मेव्हण्यांचा मणका आणि हिच्या बाबांचा मणका यांत तूर्त एवढंच साम्य आहे की दोन्ही पाठीत आहेत. त्यांचं कुठलं ऑपरेशन झालं, आधी चालत होते का, ते लिहा, म्हणजे इथे कुणाला उपयोग होईल. आणि "आराम करू द्या" हा सल्ला तर मुळीच देऊ नका. ठणठणीत वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं बिछान्यात ठेवून पाहिलं होतं, २००७ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. हे आजार नसलेल्यांचं.

आता लेकी, वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. ऑपरेशन झालेल्या मणक्याच्या रुग्णांना पलंगावरून खाली उतरवणं हेच माझं नोकरीभर काम होतं, त्यामुळे सर्जनपेक्षा माझी नजर वेगळी आहे हे लक्षात ठेवून वाच.

मोठा धक्का बसला की तो पचवायला शरीराजवळ काही शिल्लक लागते. ती किती उरली आहे याचा अंदाज म्हणजे फ्रेल्टी. ऐंशीचा माणूस फ्रेल नसू शकतो आणि साठीचा असू शकतो. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिच्या पाच खुणा सांगितल्या: नकळत घटलेलं वजन (वर्षात साडेचार किलो किंवा ५ टक्के), सततचा थकवा, हाताची पकड ढिली, चाल मंद, हालचाल कमी. तीन जमल्या की फ्रेल, एक-दोन असतील तर उंबरठ्यावर. तुमच्या भूलतज्ज्ञांचं माप वेगळं आहे. ते कॅनडातल्या केनेथ रॉकवुड यांच्या गटाने २००५ मध्ये आणलं, आता त्याच्या नऊ पायऱ्या आहेत. ५ म्हणजे सौम्य फ्रेल्टी: पैशाचे व्यवहार, औषधं, प्रवास, जड घरकाम यांना दुसऱ्याची मदत, पण अंगावरची कामं स्वतःची स्वतः. तू काढलेल्या गोळ्या आणि भावाने सांभाळलेली बँक, यांनीच तो आकडा ठरवलाय. सहाव्या पायरीवर अंघोळीलाही माणूस लागायला लागतं. बाबा तिथे नाहीत.

यात एक गोम आहे, आणि ती फाइलवर कधीच लिहिलेली नसते. बाबा हळू चालतात ते स्नायू आटले म्हणून, की पोटऱ्या भरतात म्हणून? बाहेर पडत नाहीत ते थकव्यामुळे, की वाटेत अडकू या धास्तीने? पाचांतल्या दोन खुणा मणक्याच्याच खात्यावर जाऊ शकतात. तेवढी फ्रेल्टी ऑपरेशननंतर मागे हटू शकते, उरलेली हटत नाही. म्हणून कमरेच्या रुग्णात मला हाताची पकड जास्त खरी वाटते, कारण कमरेतली नस दबून हाताची ताकद जात नाही. (मानेचा मणका असेल तर हे लागू नाही, तिथे हातच बिघडतात.) पकड मोजायचा डायनामोमीटर बहुतेक फिजिओंकडे असतो. पुरुषाची पकड २७-२८ किलोच्या खाली असेल तर स्नायू खरोखर कमी झालेत असं धरतात. शिवाय हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला किती सेकंद लागतात ते मोजून घे. पंधराच्या वर म्हणजे पायात जोर नाही. त्यांच्या शेजारी उभी राहून कर, आणि हात न लावता उठताच येत नसेल तर हट्ट करू नकोस, तेच उत्तर समज.

अवांतर: काही ठिकाणी पाच मुद्द्यांचं एक झटपट माप वापरतात. मधुमेह, गोळ्या लागणारं बीपी, फुफ्फुसांचा जुना आजार, हृदयाचं काम मंदावणं आणि परावलंबन. जुन्या कागदांवरूनच काढता येतं म्हणून संशोधकांचं ते लाडकं. पण मधुमेह-बीपी असलेला आणि रोज तासभर चालणारा गडीसुद्धा त्यात दोन गुण मिळवून बऱ्याच अभ्यासांत 'फ्रेल' ठरतो. कुणी नुसता आकडा तोंडावर फेकला तर आधी विचार, कुठलं माप?

तुझा पहिला प्रश्न. फ्रेल रुग्णांत जखमेचा आणि लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, ऑपरेशननंतरचा मनाचा गोंधळ हे सगळं जास्त होतं. मुक्काम लांबतो, थेट घरी जाण्याऐवजी पुनर्वसन केंद्रात जावं लागतं, पुन्हा भरती व्हायची वेळ जास्त येते, मृत्यूचा धोकाही वाढतो. ऑपरेशन जितकं मोठं तितकं हे अंतर रुंदावतं. यात काही लपवण्यासारखं नाही आणि तुमच्या भूलतज्ज्ञांनी ते लिहिलं हे बरंच केलं.

जीवनमानाचं चित्र मात्र वेगळं निघतं. ओस्वेस्ट्री नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली असते: दुखणं, स्वतःची कामं, उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक आयुष्य, लोकांत मिसळणं, प्रवास. शून्य म्हणजे काही अडचण नाही, शंभर म्हणजे पूर्ण अंथरुणावर. समजा, एक धडधाकट रुग्ण ४० वरून २० वर आला आणि एक फ्रेल रुग्ण ६४ वरून ४४ वर. दोघांनी वीसच कमावले. दहा-बारा गुणांच्या पुढचा फरक रुग्णाला स्वतःला जाणवतो असं मानतात, म्हणजे दोघांनाही तो कळणार. पण पहिला लांब फिरायला जाईल आणि दुसरा घरातल्या घरात सुखाने वावरेल. येणारे-जाणारे म्हणतील, "एवढं करून काय मिळवलं?" त्यांना ४४ दिसतात, ६४ त्यांनी पाहिलेलेच नसतात. पुष्कळ अभ्यासांत असंच दिसतं: फ्रेल रुग्णांचा फायदा इतरांएवढा किंवा त्याच्या आसपास, शेवटचा मुक्काम मात्र मागेच. तुझ्या बाबांनी जे मागितलंय ते पाहता हे गणित त्यांच्या बाजूचं आहे. त्यांना उभं राहण्याचा वेळ आणि खोलीतलं चालणं हवंय, आणि नस मोकळी केल्यावर सुधारतं ते नेमकं हेच. नुसती कंबरदुखी तेवढी भरवशाने जात नाही.

आता सर्जनला विचारायचा प्रश्न: नुसती नस मोकळी करून भागेल का, की जोडायलाच हवं? मी सर्जन नाही, पण याच प्रश्नावर दोन चाचण्या झाल्या आहेत, स्वीडनमधली २०१६ ची आणि नॉर्वेतली २०२१ ची. दोन्हींत निकष होता तो रुग्णाच्या स्वतःच्या त्रासाचा. नॉर्वेत सगळे रुग्ण मणका सरकलेलेच होते, तुझ्या बाबांसारखे. दोन वर्षांनी नुसती नस मोकळी केलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांना ठरवलेली सुधारणा मिळाली होती, जोडलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना. नुसत्या मोकळ्या केलेल्यांत पुन्हा ऑपरेशन थोडं जास्त लागलं, तेही खरं. एका छोट्या अमेरिकी चाचणीचा कौल जोडण्याकडे झुकला होता. म्हणजे वाद मिटलेला नाही, पण जोडकामात वेळ जास्त, रक्त जास्त जातं, आणि शिल्लक कमी असलेल्या माणसाला तेच महागात पडतं. मणका हलताना जास्तच घसरतो का, हे उभं राहून पुढे-मागे वाकून काढलेल्या एक्स-रेत दिसतं. ते काढलेत का? नसतील तर आधी ते. आणि जोडायचंच ठरलं तर डेक्सा करून हाडांची घनता तपासा. म्हातारपणी कमरेतल्या वाढलेल्या हाडांमुळे तिथला डेक्सा खोटा चांगला येतो, खुब्याचा आकडा बघा. ठिसूळ हाडात स्क्रू ढिले होतात.

शेवटचं, आणि खरं तर हे आधी लिहायला हवं होतं. पाठदुखीच्या माणसाचं वजन आपोआप घटत असेल तर ते 'म्हातारपण' म्हणून सोडायचं नसतं. गाठ, संसर्ग, थायरॉइड, नैराश्य, दातांचा त्रास, गोळ्यांचा परिणाम, यांतलं काही नाही ना, हे फिजिशियनकडून तपासून घ्या. ऑपरेशन करा वा न करा.

रात्रपाळी

वरचं सगळं शास्त्र झालं, "स्लो म्हणजे काय" हे मी सांगतो. आईचं केलं तेव्हा ती ७४ ची. तिचंही फ्रेल्टीचं बोलणं आधी झालं होतं, पण आम्ही हो-हो करून सह्या केल्या. असं सांगितलेलं कोण मनावर घेतं!

पहिला महिना घरातल्यांचा असतो, पेशंटचा नंतर. पायातली कळ दुसऱ्याच दिवशी गेली, आईच्या चेहऱ्यावर ते दिसलं. आणि तरी ती आधीपेक्षा परावलंबी झाली. पलंगावरून उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडत कोपराच्या आधाराने बसायचं. हे फिजिओने शिकवलं होतं, पण रात्री झोपेत कुणाच्या लक्षात राहतं? पहिले काही आठवडे रात्री कुणीतरी त्याच खोलीत झोपायचं, हे भावंडांत आधीच वाटून घ्या. सुट्ट्याही त्याप्रमाणे. आम्ही सगळे डिस्चार्जच्या आठवड्यात हजर होतो आणि पुढे खरी गरज होती तेव्हा कुणाकडेच सुट्टी उरली नव्हती.

दुखण्याच्या गोळ्यांनी पोट गच्च झालं. त्यावरून जेवण तुटलं, जेवण तुटल्यावर अशक्तपणा, अशक्तपणामुळे उठायचा कंटाळा. हे सगळं पोट साफ न होण्यातून सुरू झालं हे कळायला वेळ गेला. पोट साफ होण्याचं औषध दुखण्याच्या गोळ्यांबरोबर पहिल्याच दिवशी मागून घ्या. मग लघवीचा संसर्ग झाला, पुन्हा भरती. तिथे कुणी तिला दोन दिवस उठवलंच नाही, आणि महिनाभरात कमावलेलं पाणी झालं.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास तिचं पालुपद होतं, "कशाला केलंत रे हे." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर बरीच बरी व्हायला हवी होती अशी माझी समजूत, आणि ती घरातल्या घरात वॉकर धरून. सहा महिन्यांनंतर हळूहळू फरक दिसायला लागला. आता वर्ष उलटून गेलंय. घरात वॉकरशिवाय, बाहेर वॉकर घेऊन. स्वयंपाकघरात उभी राहते, जी आधी अजिबात राहू शकत नव्हती. पाय दुखत नाहीत. पण मी विचारलं, आता कसं वाटतं, तर म्हणते, "दुखत नाही रे, पण थकते." मणक्याचा प्रश्न सुटला, थकवा होता तिथेच राहिला. हे कुणी आधी सांगितलं असतं तर तिसऱ्या महिन्यात आम्ही एवढे खचलो नसतो. पुन्हा निर्णय घ्यायचा झाला तर? आई म्हणते करीन. बहीण म्हणते नको. त्या महिन्यांत सगळं बहिणीच्या अंगावर पडलं होतं, त्यामुळे तिचंही बरोबर आहे.

संडासाची सीट उंच करून घ्या, तिथे भिंतीला धरायला दांडा लावा, पलंगापासून तिथवर रात्री मंद दिवा ठेवा. ऑपरेशनच्या आधी, नंतर नव्हे.

गाढझोप

मी भूलतज्ज्ञ. फाइलवर 'फ्रेल' लिहिणाऱ्या जमातीतली, त्यामुळे दोन शब्द आमच्या बाजूने. आम्ही ते लिहितो तेव्हा 'करू नका' असं म्हणत नसतो. त्या शेऱ्याखाली आणखी कुणीतरी काहीतरी करायचं असतं, आणि पुष्कळदा ते होत नाही. वृद्धरोगतज्ज्ञ उपलब्ध असतील तर ऑपरेशनआधी त्यांची एक भेट ठरवा. नसतील तर चांगला फिजिशियन, पण सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर नेऊन.

गोळ्यांविषयी. बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का? या गटाने वजन उतरतं. शिवाय ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण रक्तातली साखर बरी दिसत असतानाही शरीरात आम्ल साचू शकतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी १२ तपासा. ते कमी झालं की रक्त कमी होतं आणि पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मधुमेहानेही येतो. असा बधिरपणा मणका मोकळा करून जात नाही, आणि मग कुटुंबाला वाटतं ऑपरेशन फसलं. प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन चालू असेल तर झोपाळूपणा आणि तोल जाणं हे त्याचंही असू शकतं, थकव्याच्या खात्यात ते घालू नका. मात्र कुठलीही गोळी मनाने बंद करू नका.

ऑपरेशननंतरचा गोंधळ, म्हणजे डिलिरियम, याची तयारी फ्रेल माणसाच्या घरच्यांनी करायलाच हवी. पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त दिसतो. आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. गप्प पडून राहणारा, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटणारा, "शांत झोपलेत" म्हणून सुटतो. दुसरा प्रकार म्हाताऱ्यांत जास्त. काल ओळखत होते आणि आज ओळखत नाहीत, असा एका दिवसात झालेला बदल दिसला की नर्सला त्याच शब्दांत सांगा.

आणि ते कानाचं यंत्र! ड्रॉवरमधून काढा, आजपासून वापरायला लावा. ऐकू न येणारा माणूस अनोळखी खोलीत, भूल उतरत असताना, रात्री... गोंधळणारच. चष्मा, यंत्र, कवळी तिन्ही बरोबर. दिवसा पडदे उघडे, रात्री शक्य तितकी झोप, लघवीची नळी लवकर काढणं, घरचं ओळखीचं माणूस जवळ. झोपेची गोळी मागू नका. दुखणं मात्र दाबून ठेवायला लावू नका, न मिटलेल्या वेदनेनेही गोंधळ होतो.

"पूर्ण भूल नको, कमरेतून द्या" असं नातेवाईक हमखास सुचवतात. खुब्याच्या फ्रॅक्चरच्या रुग्णांवर २०२१ ची मोठी चाचणी आहे, तिच्यात दोन्ही प्रकारांत गोंधळाचं प्रमाण सारखंच निघालं. तेव्हा त्यावर भांडण्यात शक्ती घालवू नका.

धाकटी_लेक

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. @रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, "थकते" पर्यंत आल्यावर ती म्हणाली, एवढं चालेल.

दरम्यान बरंच झालं. पकड मोजली: उजवा हात २२ किलो. खुर्चीची उठबस पाच वेळा झाली, पण १९ सेकंद लागले आणि शेवटच्या दोनदा हात सुटलेच. हिमोग्लोबिन १०.४. बी १२ आणि लोहाची तपासणी पाठवली आहे. एम्पाग्लिफ्लोझिन खरंच चालू होतं. फिजिशियननी गोळ्यांची फेरमांडणी केली. छातीचा आणि पोटाचा तपास चालू आहे, आतापर्यंत चिंतेचं काही नाही.

सर्जनला वाकून काढलेल्या एक्स-रेचं विचारलं. मला वाटलं रागावतील, पण त्यांनी लगेच लिहून दिले. मणका फारसा हलत नाही असं निघालं. आता ते म्हणतात, नुसती एका जागची नस मोकळी करण्याचा विचार करता येईल, पुढे कधी जोडायची वेळ येऊ शकते हे मान्य असेल तर. बाबांनी स्वतः विचारलं, "त्यात भूल किती वेळ?" आणि कमी वेळ ऐकून मान डोलावली. भाऊही थोडा निवळलाय.

सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांचं मत, सहा आठवडे तयारी करून मग तारीख घ्यावी. आता प्रश्न असा: ज्यांना पाच मिनिटं चालता येत नाही त्यांना ताकद यायला व्यायाम कसा द्यायचा? आणि सहा आठवडे थांबल्याने नस आणखी बिघडणार नाही ना?

निवृत्त_फिजिओ

थांबण्याचं आधी. बाबांसारख्या हळूहळू वाढलेल्या त्रासात काही आठवडे थांबणं सहसा चालतं. पण लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिर वाटायला लागलं, किंवा पाऊल उचलता येईना, तर सहा आठवडे विसरायचे आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत जायचं. हे आईला आणि भावालाही माहीत असू दे.

व्यायाम. चालायला लावू नकोस, सायकल द्या, एकाच जागी उभी असलेली. हँडलवर पुढे झुकून बसलं की कमरेतली नसांची जागा थोडी मोकळी होते, म्हणून पाच मिनिटं न चालणारा माणूसही वीस मिनिटं पेडल मारू शकतो. तीन-चार मिनिटांपासून सुरुवात. चालायचंच असेल तर चाकांचा वॉकर, हँडल जरा खाली, पुढे झुकून. "पाठ ताठ ठेवा" हा घरोघरचा उपदेश या आजारात उलटा पडतो.

ताकदीसाठी मुख्य म्हणजे उठबस. खुर्चीवर जाड उशी टाकून उंची वाढव, म्हणजे हात न लावता उठता येईल. आठ-दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा. दिवसातून दोनतीनदा. जमलं की उशी पातळ. शेवटच्या दोन उठबशी कठीण वाटल्या पाहिजेत, नाहीतर स्नायूला निरोपच पोचत नाही. वयस्कर लोकांना फार हलके व्यायाम देऊन ठेवतात, त्याचा मला राग येतो. छातीत दुखलं, चक्कर आली तर अर्थातच थांबायचं. आणि पलंगावर कुशीवर वळून उठायची पद्धत आत्ताच शिकव. ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन काही शिकता येत नाही.

नुसत्या व्यायामाने भागणार नाही. मूत्रपिंड ठीक असेल तर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे त्यांच्या ५८ किलोला दिवसाला साधारण ७० ते ८७ ग्रॅम, आणि ती एका जेवणात न कोंबता तिन्ही वेळेला वाटून. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) दाखवून आहारतज्ज्ञाकडून आखून घे. अशा पूर्वतयारीचे पुरावे हृदय-पोटाच्या शस्त्रक्रियांत जास्त, मणक्यात अजून कमी आहेत, तेव्हा सहा आठवड्यांत पकड २२ ची ३० होईल असं मी म्हणणार नाही. दोन किलो वाढली आणि उठबस १९ वरून १५-१६ सेकंदांवर आली तरी मी खूश होईन. मुख्य फायदा हा की ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी जे करायचं ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं असेल.

आणि ओस्वेस्ट्रीचा कागद त्यांच्याकडून आजच भरून घे, तारीख घालून. मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने. @रात्रपाळींच्या घरी तिसऱ्या महिन्यात जे झालं, तशा वेळी आधीचा आकडा हाताशी असला की बोलणं सोपं जातं.

हिमोग्लोबिन १०.४ घेऊन टेबलावर जाऊ नये, त्याचं कारण आधी शोधायचं. लोह कमी निघालं तर गोळ्यांनी भागेल की शिरेतून द्यावं लागेल हे फिजिशियन ठरवतील, दोन्हींना आठवडे लागतात, म्हणून त्यात उशीर नको. रिपोर्ट आला की इथे टाक, फेरिटिनचा (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा) आकडाही टाक.